फाईल नदीत गेली, अँटीबॉडी रक्तातच राहिल्या

दौलताबादच्या किल्ल्याखाली माझे माय-दादा, म्हणजे आई-वडील, टोपल्या मांडून पेरू आणि सीताफळं विकायचे. शाळांच्या सहली आल्या की त्या दिवशी घरात भाजी व्हायची. नाही आल्या तर भाकरी, मिरचीचा ठेचा आणि संध्याकाळपर्यंत डागाळलेले पेरू. पत्र्याची एक खोली होती. उन्हाळ्यात ती तव्यासारखी तापायची, म्हणून माझा सगळा अभ्यास टोपलीशेजारी, चिंचेच्या सावलीत झाला.

माझ्याआधी मायला तीन लेकरं झाली आणि गेली. दोन पोटातच, एक जन्मल्यावर सहाव्या दिवशी. का गेली हे तिला कुणी सांगितलं नाही, तिनंही कुणाला विचारलं नाही. “नव्हती नशिबात” एवढ्यावर विषय मिटायचा.

मायला वाचता येत नाही. कुठला कागद कामाचा आणि कुठला बिनकामाचा हे कळत नाही, म्हणून ती एकही कागद फेकत नाही. माझ्या गुणपत्रिका, रेशनच्या चिठ्ठ्या, एसटीची तिकिटं, लग्नाच्या पत्रिका, सगळं एका चौकोनी बिस्किटाच्या डब्यात. मी त्या डब्याला लई हसायची. हा डबा लक्षात ठेवा.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र. आज वाळूजला एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत कामाला आहे. हे मी मिरवायला सांगतेय का? व्हय, मिरवायलाच. पण या लेखात माझं शिक्षण एकदा पार आडवं पडलंय आणि एकदाच नीट उभं राहिलंय, तेही सांगणार आहे.

आधीच्या दोन

नवऱ्याचं नाव नितीन. सासर बिडकीनचं, शेतीवाडीचं घर. आम्ही दोघं शहरात गारखेड्याला राहतो. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो.

पहिल्या वेळी पाचव्या महिन्यात पोट दुखायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. दुसऱ्या वेळी अठ्ठावीस आठवडे आणि चार दिवस. बीपी वाढलं, बाळाची वाढ थांबली, घाईनं ऑपरेशन केलं. मुलगी होती. काचेच्या पेटीत दोन दिवस होती. तिचं बोट माझ्या करंगळीच्या नखाएवढं होतं. एवढंच लिहिते, जास्त लिहवत नाही.

घरी आल्यावर मी त्या दवाखान्याची फाईल उशाखाली घेऊन झोपायची. उघडायची नाही, नुसती घेऊन झोपायची. महिनाभरानं आत्या आल्या, पैठणला जाऊन आल्या, आणि त्यानंतर फाईल दिसली नाही. नंतर कळलं की त्यांनी हिरवी बांगडी, बाळाचं झबलं आणि ती फाईल, तिन्ही गोदावरीत सोडलं. दुःखाची वस्तू घरात ठेवायची नाही, त्या लेकरांचा पुन्हा उल्लेख करायचा नाही, आणि पुढच्या वेळी दवाखानाही बदलायचा, अशी आमच्याकडची रीत. त्या दवाखान्याचा पायगुण वाईट म्हणे.

खरं सांगायचं तर मला हलकंच वाटलं.

“पहिलीच”

दीड वर्षानं पुन्हा दिवस राहिले. नवा दवाखाना, नव्या मॅडम, कोरी करकरीत फाईल. नाव-वय लिहून झाल्यावर सिस्टरनं विचारलं, “कितवी खेप?”

माझ्या आधी आत्या बोलल्या. “पहिलीच.”

सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

हो, मी हलवली. आत्यांवर ढकलून मोकळी होणार नाही. मला वाटलं, नव्या फाईलवर जुना डाग कशाला? पोटावरचा टाका कुणी पाहिला असता तर तिथंच पकडले गेले असते, पण त्या दिवशी नुसतं रक्त-लघवी आणि नोंदणी झाली. तपासायला मॅडमनी आठ दिवसांनी बोलावलं होतं. आठ दिवसांनी काय सांगायचं ते आत्यांनी रिक्षातच ठरवून टाकलं. “अपेंडिसचं म्हण.”

त्यानंतर चौथ्या दिवशी ड्युटीवर एक गंमत झाली. गंमत कसली, माझी उलटतपासणीच झाली. एका सहकारी मुलीनं एका बॅचचा अहवाल माझ्याकडं सहीला आणला. मला शंका आली म्हणून मागचं रजिस्टर काढलं, तर त्याच मालाच्या आधीच्या दोन बॅच नापास. तिनं ते नव्या अहवालात लिहिलंच नव्हतं.

मी तिच्यावर कडाडले. “मागच्या दोन का गेल्या हे लिहिल्याशिवाय तिसरी तपासायची कशी? काय शोधायचं ते आम्हाला कळणार कसं?”

ती पोरगी बिचारी म्हणाली, “ताई, नवीन बॅच आहे ना, म्हटलं नव्यानं सुरुवात.”

माझ्या हातातला पेन तसाच राहिला. मी तिला सॉरी म्हणाले. तिला कळलंच नाही कशाबद्दल. अर्धी सुट्टी टाकली, कंपनीच्या गेटवरून रिक्षा केली आणि थेट दवाखाना गाठला.

मॅडमच्या समोर

“मॅडम, मी खोटं बोलले. ही तिसरी आहे.”

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं, आता रागावणार. त्या म्हणाल्या, “बस. पाणी पी. पहिल्यापासून सांग.”

मी सांगितलं. त्या लिहीत गेल्या. मग विचारलं, “जुने कागद?”

“नदीत आहेत.”

“काय?”

“गोदावरीत. सोडले.”

त्या स्वतःशीच हसल्या. “मराठवाड्यातल्या अर्ध्या फाइली गोदावरीतच असतील बहुतेक. बरं, दुसऱ्या वेळी बाळ गेल्यानंतर रक्ताची काही खास तपासणी केली होती? आठव.”

आठवलं. दवाखान्यातून सुटायच्या दिवशी मोठ्या सुईनं तीन-चार नळ्या रक्त घेतलं होतं आणि बाहेरच्या लॅबला पाठवलं होतं. आठ दिवसांनी नितीन रिपोर्ट घेऊन आला, पाकीट फाईलमध्ये ठेवलं. ते कुणीच उघडलं नाही. मीसुद्धा नाही. मी, जी दिवसभर दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासते!

“तो रिपोर्ट मिळाला तर फार बरं होईल,” मॅडम म्हणाल्या. “काही अँटीबॉडीज अशा असतात की त्या एकदा सापडून चालत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा सापडल्या तरच खात्री होते. आज तपासून पुन्हा थांबायला आपल्याकडं वेळ नाही. आधीचा रिपोर्ट असेल तर आज एकदा तपासून भागेल.”

इथं मात्र माझं शिक्षण उभं राहिलं. आमच्या कंपनीत एकेक कागद कितीतरी वर्षं जपून ठेवतात. लॅब म्हणजे लॅब, त्यांच्याकडंही नोंद असणारच! मी औरंगपुऱ्यातल्या त्या लॅबमध्ये गेले. काउंटरवरचे काका भले होते. पण माझं नाव-आडनाव इतकं नेहमीचं, की संगणकावर रांगच लागली. त्यात तेव्हा नितीननं दुसराच फोन नंबर दिला होता, तो आता बंद. “नमुन्याचा नंबर असला तर लगेच काढून देतो, ताई. रक्त दिलं तेव्हा एक चिठ्ठी मिळते बघा.”

चिठ्ठी कुठून आणू? पण रक्त दिलं त्या दिवशी माझ्याजवळ कोण होतं? माय!

मी मायला फोन लावला. “माय, दवाखान्यातून सुटले त्या दिवशी मला एक छोटी चिठ्ठी दिली व्हती का ग कुणी?”

“दिली व्हती की. तुझ्या हातात सुई व्हती म्हणून म्याच घेतली. डब्यात हाय.”

“नक्की?”

“आता तुला हसायचं आसंल तर हास,” माय म्हणाली. “पर हाय.”

शेजारच्या दुकानदाराच्या मुलीकडून तिनं चिठ्ठीचा फोटो पाठवला. हळदीचे डाग पडलेली, चार घड्या मोडलेली चिठ्ठी, आणि त्यावर स्पष्ट नंबर. काकांनी नंबर टाकला, यंत्र घरघरलं आणि कागद बाहेर आला. मी तिथंच उभ्या उभ्या वाचला. दोन ओळींपुढं पॉझिटिव्ह. खाली लिहिलेलं, बारा आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

मी रडले का? नाही. विश्वास ठेवा, मला आनंद झाला! मला आजार आहे म्हणून आनंद झाला. कारण आजार असला तर औषध असतं. नशिबाला कुठलं औषध?

काय होतं ते

मॅडमनी पुन्हा रक्त तपासलं. पुन्हा पॉझिटिव्ह. नितीनला आणि मला समोर बसवून त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. शरीरात रोगाशी लढणारी जी व्यवस्था असते, ती माझ्या बाबतीत चुकून स्वतःच्याच रक्ताला परकं समजते. त्यामुळे वारेत, म्हणजे प्लॅसेंटात, रक्ताच्या बारीक गुठळ्या होऊ शकतात, बाळाला पोहोचणारं रक्त कमी पडतं, बीपी वाढतं, आणि बाळ वेळेआधी बाहेर काढावं लागतं किंवा आतच जातं. रोज एक छोटी गोळी आणि रोज पोटावर एक इंजेक्शन. त्यानं रक्त पातळ राहतं. पुष्कळ जणींना उपयोग होतो, पण हमी नाही.

“माझ्या आईचीही लेकरं ह्यानंच गेली का?” मी विचारलं.

“ते आता सांगता येणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “तिला कुणी तपासलंच नाही.”

हे वाक्य अजून माझ्या मनात आहे.

(ही औषधं मला लागू पडली म्हणून कुणी मनानं घेऊ नका. तुमचं रक्त, तुमचे डॉक्टर.)

आत्या

घरी सांगायचं धैर्य नितीनमध्ये नव्हतं. मीच सांगितलं. आत्या गहू निवडत बसल्या होत्या. सुपातला हात थांबला.

“म्हंजी त्या फाईलीत लिवलेलं व्हतं?”

“होय आत्या.”

“अन् म्या सोडली.”

मी त्यांच्या मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं.

“तू ती उशाला घेऊन झोपायचीस. मला बघवंना ग. म्हणलं, वाहून गेली की तुझं दुःख बी जाईल.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “माझी बी नात व्हती ती. मी काय सुखानं सोडली व्हय?”

तोवर मी मनातल्या मनात आत्यांवर दहा वेळा चिडून झाले होते. ते सगळं तिथंच विरलं. फाईल मी उघडली असती तर नदीत गेली नसती, हेही खरंच की.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं इंजेक्शन कसं द्यायचं ते शिकवायला बसवलं. नितीननं सुई पाहिली आणि खुर्ची धरली. मला स्वतःच्या पोटात टोचवेना. तेव्हा मागून आत्या पुढं सरकल्या.

“सरका. आमच्या म्हशीला चौघं धरत्यात अन् सुई मीच मारते. ही तर एवढीशी हाय.”

“आत्या, मी म्हैस नाही.”

“म्हशीपरीस बरी हायेस. लाथ तर मारत नाहीस.”

सिस्टर हसून हसून लाल झाली. आत्यांनी पोटाची चिमूट धरली आणि सुई अशी घातली की मला कळलंही नाही. बिडकीनचं घर जावेवर सोपवून त्या आमच्याकडं राहायला आल्या. रोज संध्याकाळी सात वाजता. आज डावीकडं, उद्या उजवीकडं. पोटावर हिरवे-निळे डाग पडले. आत्या त्यांना “गोंदण” म्हणायच्या.

ग्रहण

सातव्या महिन्याच्या तोंडाशी चंद्रग्रहण आलं. आमच्याकडं ग्रहणात गरोदर बाईनं सुई-कात्रीला हात लावायचा नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही, एका जागी बसायचं. वेध लागलेले, आणि माझ्या इंजेक्शनची वेळ सात. बिडकीनहून दोन फोन येऊन गेले, “आज सुई नको, एका दिवसानं काय होतंय?”

मी मनाशी वाद तयार करून बसले होते. कॉलेजातलं सगळं भांडार काढणार होते. पावणेसातला आत्या हात धुऊन आल्या, कापूस घेतला.

“आत्या, ग्रहण…”

“ठाऊक हाय. तू सुईला हात लावू नगंस. मी लावते. मी कुठं गरोदर हाय?”

माझं सगळं भाषण वाया गेलं!

आठवडे

आता इथून पुढं मी महिने मोजणं सोडलं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दर मंगळवारी आठवड्याचा आकडा लिहायचा. अठ्ठावीस आठवडे चार दिवस, तो दिवस उजाडला. सकाळपासून बाळ हलतंय का तेच मोजत बसले. एकोणतीस पूर्ण झाले तेव्हा नितीनला पिटाळलं आणि अख्ख्या इमारतीत इमरती वाटली. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, डोहाळजेवण कधी, इमरती कधी?” मी म्हटलं, “काकू, खा आधी!”

बत्तीसाव्या आठवड्यात बीपी वाढलं. सोनोग्राफीत बाळाला जाणारा रक्ताचा प्रवाह थोडा कमी दिसला. मॅडमनी ॲडमिट केलं. बाळाच्या फुप्फुसांसाठी दोन इंजेक्शनं दिली. “लागलंच तर तयारी असावी. पण आपल्याला चौतीसपर्यंत जायचंय.”

दवाखान्यातले दिवस म्हणजे सहाला बीपी, सातला चहा, आठला बाळाचे ठोके, दहाला मॅडमची फेरी. पोटाला पट्टा लावला की खोलीभर ठोके घुमायचे. घोडा पळतोय असे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आत्यांनी त्या यंत्रालाच हात जोडले.

शेजारच्या पलंगावर शकिलाभाभी होत्या, त्यांना जुळं होणार होतं. मी ठोक्यांचा कागद हातात घेऊन एकेक रेघ तपासत बसायची. एक दिवस त्यांनी तो हिसकावून घेतला. “अरे बस करो ना! डॉक्टर तुम हो क्या वो? तुमकू पढना आता इसलिए डर भी दुगना होता क्या?”

खरं होतं. मला वाचता येतं म्हणून दुप्पट भीती वाटत होती. त्यानंतर मी ठरवलं, दिवसातून एकदाच कागद बघायचा, तोही मॅडमसोबत. बाकी वेळ भाभींकडून नानखटाई खायची आणि त्यांच्या जुळ्यांची नावं ठरवायची.

नितीन रात्रपाळी करून सकाळी यायचा आणि खुर्चीत बसल्या बसल्या झोपायचा. एकदा मी चिडले, “झोपायला येतोस का इथं?” तो म्हणाला, “तू दिसलीस की झोप लागते. घरी लागत नाही.” मग मी त्याला झोपू दिलं.

तेहेतीस. चौतीस! सिस्टरनं फाईलवर तारा काढला. पस्तीस. बीपी गोळ्यांवर थांबून राहिलं. प्रवाह तेवढाच राहिला, आणखी घसरला नाही. छत्तीसला मॅडम म्हणाल्या, “आता मला भीती कमी वाटतेय.” म्हणजे इतके दिवस त्यांनाही वाटत होती तर! मला ते ऐकून उलट धीर आला.

छत्तीस आठवडे सहा दिवस झाले तेव्हा त्या म्हणाल्या, “परवा करू या ऑपरेशन. आजपासून इंजेक्शन बंद.” त्या संध्याकाळी सात वाजता आत्या सवयीनं हात धुऊन आल्या, आणि तशाच ओल्या हातांनी उभ्या राहिल्या.

सदतीस आठवडे एक दिवस

भूल कमरेखाली होती. मी पडद्याच्या अलीकडून छताकडं बघत होते. मग आवाज. रडं! मांजरासारखं बारीक नाही, चांगलं भांडखोर रडं. मागच्या वेळी मी आवाज ऐकलाच नव्हता.

“मुलगी,” मॅडम म्हणाल्या. “पेटीची गरज नाही.”

ती माझ्या गालाला लावली. गरम, ओलसर, चिडलेली. तिचं बोट माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा मोठं होतं. मी मोजलं.

बाहेर मायनं दौलताबादहून पेरूची टोपली आणली होती आणि वॉर्डात येईल त्याच्या हातावर पेरू ठेवत होती. तिनं बाळाला पाहिलं, मग माझ्याकडं, आणि पिशवीतून तो चौकोनी डबा काढला. “जन्माचा कागद द्या म्हणावं. ठिवते.”

सुटी मिळायच्या दिवशी बाळाला पहिली लस द्यायची होती. नवीन सिस्टर होती, तिला आमचं काही ठाऊक नव्हतं. कार्ड भरताना तिनं विचारलं, “पहिलंच बाळ का?”

मी ओच्यात बाळ सावरत होते. माझ्या आधी आत्या बोलल्या.

“नाय. तिसरं. एक पाचव्या महिन्यात गेलं. एक नात व्हती, दोन दिवस जगली. ही तिसरी. सगळं लिव बाई, काय सोडू नगंस.”

सिस्टरनं लिहिलं. आत्यांनी वाकून बघितलं. त्यांनाही वाचता येत नाही, पण लिहून होईस्तोवर त्या हलल्या नाहीत.

माझी मुलगी सदतीस आठवडे एक दिवस पोटात राहिली. दोन किलो चारशे ग्रॅम भरली. आज सात महिन्यांची आहे, ठणठणीत आहे. तिची फाईल मायच्या डब्यात आहे, आणि त्या फाईलवर तिच्या दोन्ही भावंडांची नोंद आहे.